एकशे चव्वेचाळीस चिमटे

लग्नाचं आमंत्रण आलं, ते व्हार्गो सरांनी फ्रीजवर चिकटवलं, सोबतच्या कार्डावर "मोठा एक, मुलं दोन" असं लिहून ते परत धाडलं आणि आपल्या बाजूचं काम संपलं असं समजून ते कॉफी प्यायला बसले. अडतीस वर्षं तिसरीच्या वर्गाला शिकवलेल्या माणसाने इतकं गाफील राहायला नको होतं. तिसरीचा वर्ग जेव्हा अगदी शांत वाटतो, तेव्हा कोणीतरी डिंक गिळलेला असतो.

लग्न मार्सी पाल्कोचं होतं. मार्सी ही सरांची जुनी विद्यार्थिनी, आता मागच्याच गल्लीत राहणारी. आणि तिची होणारी बायको वेंडी, दोन वर्षांपूर्वी ॲरिझोनाहून इथे आलेली. सरांच्या मुलीची, लॉरेनची, त्या शनिवारी इस्पितळात ड्यूटी होती, म्हणून नऊ वर्षांची ग्रेटा आणि सहा वर्षांचा टेडी ही नातवंडं आजोबांबरोबर लग्नाला जाणार होती.

दुसऱ्याच दिवशी मार्सी दारात उभी राहिली.

"सर, एक मागू का? नाही म्हणालात तरी चालेल."

"माग."

"डोलोरेसबाईंचे क्रीमरोल टेबलावर हवेत. त्यांच्याशिवाय आपल्याकडे लग्न झालेलं मी तरी पाहिलं नाही."

डोलोरेस म्हणजे सरांची पत्नी. तिला जाऊन तीन वर्षं झाली होती. आणि टेबल म्हणजे कुकींचं टेबल. यंग्सटाउन गावाच्या आसपास लग्नात केक असतो, पण तो फोटोपुरता. लोक बघतात ते कुकींचं टेबल. आत्या, मावश्या, शेजारणी महिनाभर घरी भाजतात, तीस-चाळीस ट्रे मांडले जातात, आणि लग्न उरकल्यावर कोणाचा ट्रे रिकामा गेला आणि कोणाचा उरला, हे पुढची वीस वर्षं विसरलं जात नाही. डोलोरेसचा ट्रे एक्केचाळीस वर्षांत कधी भरलेला परत आला नव्हता. एकदा बर्फाच्या वादळात निम्मे पाहुणे आले नव्हते, तरीसुद्धा.

सरांना आयुष्यात टोस्टसुद्धा दोन्ही बाजूंनी सारखा भाजता आला नव्हता. ते म्हणाले, "करतो की. त्यात काय."

माणसाच्या तोंडून असं वाक्य जातं आणि मग त्याच्या मागे धावत राहावं लागतं.

हे क्रीमरोल बोटाएवढे असतात. पिठाची पातळ पट्टी कपडे वाळत घालायच्या लाकडी चिमट्यावर गुंडाळायची, भाजायची, चिमटा अलगद ओढून काढायचा आणि पोकळीत क्रीम भरायचं. चिमटे मात्र जुन्या तऱ्हेचे लागतात: स्प्रिंग नसलेले, दोन पायांचे, डोक्याला गोल गाठ असलेले. डोलोरेसचे चिमटे तळघरात पत्र्याच्या डब्यात होते. बरोबर एकशे चव्वेचाळीस, बारा डझन. डब्यात तिच्या हातची कृतीही होती, पण ती अशी: "पीठ हाताला कळेल इतकं. क्रीम नेहमीचं. घाई नको." सरांनी हे विद्यार्थ्याच्या वहीत वाचलं असतं तर लाल पेनाने खूण करून "सविस्तर लिही" असा शेरा मारला असता.

सल्ला मागायची गरज पडली नाही. तो चालत आला. शेजारच्या फिलिस डीलुकाने कुंपणावरून सांगितलं, "लोणी अजिबात नको, चरबी घाल. डोलोरेस चरबीच घालायची. तुला सांगायची नाही, तुझं कोलेस्टेरॉल होतं म्हणून." समोरचा गस, पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेला, म्हणाला की पिठाचं आणि पोलादाचं एकच तत्त्व आहे, थंड करण्यात सगळं असतं. त्याला पोलादाचं कळत होतं, पिठाचं नाही, पण त्याने अर्धा तास समजावलं.

फिलिसने आणखी एक बातमी दिली. "ओल्गा लग्नाला येणार नाही म्हणते."

"ओल्गा? मार्सीची आत्या? तिनेच तर वाढवलं मार्सीला."

"म्हणून तर. म्हणाली, त्या लग्नाकडे मी तोंडसुद्धा करणार नाही. कारण काय ते सगळ्यांना माहीतच आहे." फिलिसने भुवया अशा उंचावल्या की त्यात दोन्ही नवऱ्या मावल्या. "पण टेबल मात्र दुसऱ्या कोणाच्या हातात देणार नाही म्हणे. टेबलाची वही तिच्याकडेच आहे."

वही खरंच तिच्याकडे असणार, कारण त्याच आठवड्यात सरांना ओल्गाकडून छापील चिठ्ठी आली. नाव, पत्ता, पदार्थ, नग, अक्रोड आहे की नाही, ट्रे परत हवा की नको. शेवटचा रकाना: "लहान मुलांचे हात लागले आहेत काय?" सरांनी सवयीने पेन्सिलीने भरून दिली. चिठ्ठी परत आली, वर लिहिलं होतं, "शाईने." सरांनी शाईने लिहिलं आणि शेवटच्या रकान्यात प्रामाणिकपणे नोंदवलं, "होय. धुतलेले."

हात लागणारच होते, कारण सरांनी नातवंडांना मदतीला घेतलं होतं. मुलांना शिकवायची संधी दिसली की सरांना राहवत नसे. आणि लग्नाआधी आणखी एक शिकवायचं होतं. दोन नवरींच्या लग्नाला ही मुलं पहिल्यांदाच चालली होती. तिथे त्यांनी भलतं काही विचारू नये, म्हणून सरांनी तीन पाठांचं टाचण काढलं होतं. स्वयंपाकघरातल्या फळ्यावर त्यांनी दोन बाहुल्या काढल्या, घसा साफ केला आणि म्हणाले, "मुलांनो, सर्वसाधारणपणे लग्नात एक नवरा आणि एक नवरी असते. परंतु..."

"आजोबा, माझ्या वर्गातल्या प्रियाला दोन आया आहेत," ग्रेटा म्हणाली. "दोघी सारख्याच ओरडतात."

"बरं. टेडी, तुला काही शंका?"

टेडीने विचार केला. "दोघी आहेत तर केक दोन असणार का?"

"एकच."

"मग भांडतील."

तीन पाठ चार मिनिटांत संपले. सरांनी खडू खाली ठेवला. उरलेल्या वेळात त्यांनी वागण्याचे नियम घालून दिले: लग्न लागताना बोलायचं नाही, हॉलमध्ये पळायचं नाही आणि ओल्गाआजींनी घंटा वाजवेपर्यंत कुकींना हात लावायचा नाही. मग त्यांनी चिमटे मोजायला शिकवलं, बाराच्या बारा ओळी. "काम झालं की तपासून बघायचं," हे वाक्य त्यांनी फळ्यावर लिहून खाली रेघ मारली. याच वाक्याखाली मार्सी पाल्को तिसरीत गुणाकार पुन्हा पुन्हा करून रडकुंडीला आली होती.

पहिली खेप चिमट्यांना चिकटली, ती हातोडी घेऊनही सुटेना. कारण चिमट्यांवर आधी फॉइल गुंडाळावं लागतं, हे डोलोरेसने "घाई नको" यातच धरलेलं असावं. दुसरी खेप भाजताना उलगडली आणि धुराच्या अलार्मने सगळी गल्ली गोळा केली. गस म्हणाला, "थंड केलं नाहीस." फिलिसने वास घेऊन विचारलं, "लोणी ना?" शनिवारी सकाळी तिसरी खेप मात्र उतरली. एकशे चव्वेचाळीस रोल, थोडे वाकडे, पण रोल. सरांनी आणि ग्रेटाने चिमटे ओढून काढले, टेडीने क्रीम भरलं. टेडीला क्रीमचं माप नव्हतं. रोलच्या दोन्ही टोकांना असे फुगे आले की आत पोकळी आहे की लाकूड, कोणाला सांगता आलं नसतं. वरून पिठीसाखर टाकली. ट्रे हॉलवर पोचवला. ओल्गाने चष्म्यातून बघितलं, वहीत लिहिलं आणि एवढंच म्हणाली, "डोलोरेसचे सरळ असायचे."

मग घरी येऊन तयारीची धांदल. लॉरेनने टेडीसाठी आणलेली पँट एक माप मोठी निघाली आणि पट्टा लॉरेनच्या घरी राहिला होता. सरांनी ओट्यावरून हाताला लागेल ते घेतलं, पँटच्या कमरेला मागून घडी घालून पक्कं केलं आणि वरून कोट चढवला.

"आजोबा, टोचतंय."

"लग्नात थोडं टोचतंच. सरळ उभा राहा."

तेवढ्यात ग्रेटा आली. केस विंचरून तिची तयारी झाली होती आणि काम झालं की तपासून बघायचं असतं, म्हणून तिने चिमटे मोजले होते.

"आजोबा, शेवटच्या ओळीत अकराच आहेत."

सरांनी मोजले. अकरा. पुन्हा मोजले. ओट्याखाली वाकून पाहिलं, कचऱ्याचा डबा वर्तमानपत्रावर उलटा केला. बारावा कुठेच नव्हता. म्हणजे एक चिमटा रोलमध्ये राहिला होता. क्रीमच्या फुग्यांमागे, पिठीसाखरेखाली, डोलोरेसच्या नावाने मांडलेल्या ट्रेमध्ये. कोणीतरी तो चावणार होतं. एक्केचाळीस वर्षांच्या रिकाम्या ट्रेनंतर लोक आता म्हणणार होते, व्हार्गोंचे रोल? दात सांभाळा.

लग्न अग्निशमन दलाच्या फायर हॉलमध्ये होतं. बंब बाहेर काढून ठेवले होते. खुर्च्या एका बाजूला, टेबल दुसऱ्या बाजूला, जमिनीला टेकणारं पांढरं कापड घातलेलं. आणि टेबलाच्या टोकाशी, लग्नाकडे पाठ करून, मांडीवर वही आणि वहीवर घंटा ठेवून ओल्गा बसलेली. ती शब्दाची पक्की होती. लग्नाकडे तिने तोंड केलं नव्हतं.

सरांनी आधी सरळ मार्ग धरला. "ओल्गा, माझा ट्रे जरा दोन मिनिटं घेऊ का? मांडणी सुधारतो."

"एकदा वहीत चढलेला ट्रे हलत नाही."

"चहा आणू का तुझ्यासाठी?"

"एमिल, पन्नास वर्षांत तू मला चहा विचारला नाहीस. काय केलंस?"

"काही नाही," सर म्हणाले. अडतीस वर्षं मुलांच्या तोंडून हेच उत्तर ऐकून ज्यांनी एकदाही विश्वास ठेवला नव्हता, त्यांनी ते दिलं आणि मागे जाऊन बसले. सांगून टाकावं असं त्यांना वाटलं होतं. पण पुढच्या चार रांगांत त्यांचे किमान सोळा जुने विद्यार्थी बसले होते, आणि त्या सगळ्यांना "तपासून बघ" असं कोणी सांगितलं होतं हे त्यांना पाठ होतं.

लग्न लावायला आलेल्या न्यायाधीशबाई उभ्या राहिल्या. मार्सी आणि वेंडी पुढे आल्या. सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या आणि सरांच्या लक्षात आलं की टेडी शेजारी नाही. टेबलाच्या कापडाखालून त्याचा एक बूट दिसत होता.

सर वाकून गेले, ओल्गाच्या पाठीमागून. कापड उचलून आत शिरले.

"तू इथे काय करतोयस?"

"लग्न लागताना बोलायचं नाही," टेडी कुजबुजला. "मी पाठ घासतोय. टोचतंय."

सरांना उठायचं होतं. पण बहात्तराव्या वर्षी गुडघा टेबलाखाली एकदा दुमडला की तो आपल्या सोयीने उलगडतो. तेव्हा बाहेर पडता येत नव्हतं. आणि बाहेर पडता येत नाही तर निदान उपयोगाचं काहीतरी करावं, असा विचार सरांच्या मनात आला. त्यांचा ट्रे नेमका डोक्यावर होता. त्यांनी कापडाच्या कडेने हात वर काढला, चाचपडत पहिला रोल शोधला आणि बोटाने दाबून पाहिला. मऊ. दुसरा. मऊ. ग्रेटाही एव्हाना आत आली होती, ती शिस्तीत हिशेब ठेवू लागली, "बावीस, तेवीस." पलीकडे मार्सी शपथ वाचत होती. कोणीतरी नाक शिंकरलं. सर सत्तेचाळीसवर होते.

एकशे एकोणीसवर ओल्गाने हात पाहिला.

क्रीमने माखलेला एक हात टेबलाखालून वर येऊन रोल दाबतोय, हे दृश्य कुठल्याही बाईला दचकवणारंच. ओल्गा दचकली नाही. तिने वही उचलली आणि त्या हातावर अशी हाणली की घंटा उडून जमिनीवर पडली आणि घणघणत हॉलच्या मधोमध गेली. वेंडी तेव्हा आपली शपथ सुरू करायला श्वास घेत होती. तो तिने तसाच धरून ठेवला.

कापडाखालून आधी ग्रेटा आली, मग टेडी, आणि मग, दोन फायरमननी काखेत हात घालून ओढल्यावर, व्हार्गो सर. कोपरापर्यंत क्रीम, चष्म्यावर पिठीसाखर.

"सर?" मार्सी म्हणाली.

सरांनी कोट ओढून नीट केला. "माझा एक चिमटा कमी आहे," ते म्हणाले. "एकशे त्रेचाळीसच भरले. मी तपासलं नव्हतं."

हॉलमध्ये 'अरे बाप रे' अशा अर्थाची एक लाट गेली. कोणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. फक्त वेंडीने मार्सीला हळूच विचारलं, "कसला चिमटा?" मार्सी म्हणाली, "नंतर सांगते. आधी शपथ घे."

वेंडीने शपथ घेतली. लग्न लागलं, टाळ्या झाल्या. ओल्गाने एक टॉवेल उघडून सरांच्या ट्रेवर अंथरला. "चिमटा सापडेपर्यंत याला कोणी हात लावायचा नाही," तिने जाहीर केलं. एकोणचाळीस ट्रेंवर माणसं तुटून पडली. चाळिसाव्या ट्रेवर टॉवेल होता.

सर ओल्गाजवळ खुर्ची ओढून बसले. पत्नीचा ट्रे टॉवेलखाली एकटा सोडून दूर बसणं त्यांना बरं वाटेना. आणि बसलोच आहोत तर घरचे तीन पाठ वाया गेले होते, ते इथे तरी उपयोगी पडतील, असं त्यांच्या मनात आलं.

"ओल्गा, जुन्या लोकांना हे जड जातं, मला कळतं. पण काळ बदलतो. दोन बाया..."

"कसल्या दोन बाया?"

"म्हणजे, मार्सी आणि..."

"मार्सीचं मला ती बारा वर्षांची असल्यापासून माहीत आहे. तुला कोणी सांगितलं माझं त्यावर काही म्हणणं आहे म्हणून?"

"मग पाठ करून का बसलीस?"

ओल्गाने इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "ती वेंडी माझ्या स्वयंपाकघरात उभी राहून मला म्हणाली, आत्या, केक आहे ना, मग इतक्या कुकी कोण खाणार?"

सरांनी खुर्ची जरा पुढे ओढली. ते उदार विचारांचे होते, तीन पाठांचं टाचण काढणारे होते. पण हे मात्र त्यांनाही जरा जास्त वाटलं.

"असं म्हणाली?"

"तोंडावर. मी तेव्हा नववा घाणा काढत होते."

"ॲरिझोनाची आहे ती," सर म्हणाले, पण स्वतःलाच ते फारसं पटलं नाही.

तेवढ्यात पोल्का नाच सुरू झाला. दोन्ही नवऱ्या मध्ये, भोवती पाहुण्यांचं रिंगण, आणि रिंगणात टेडी. नाचण्याबद्दल आजोबांनी कुठलाही नियम घातलेला नव्हता. एक गिरकी, दुसरी गिरकी, तिसऱ्या गिरकीला त्याच्या कोटामागून काहीतरी निघून फरशीवर टणकन पडलं, आणि पाठोपाठ पँट घोट्यांवर आली. टेडी थांबला नाही. त्याने तशीच चौथी गिरकी घेतली आणि पडला.

वाद्यं थांबली. वेंडीने आधी टेडीला उभं केलं, मग फरशीवरची वस्तू उचलली. लाकडी, दोन पायांची, डोक्याला गाठ असलेली.

"हाच का तो चिमटा?" तिने विचारलं.

सरांच्या डोळ्यांपुढे ओटा आला, पँटची घडी आली, आपलाच हात आला. सकाळपासून तो चिमटा त्यांच्या नातवाच्या पाठीवर होता आणि नातू दर अर्ध्या तासाने तसं सांगतही होता. रोलमध्ये कधी काहीच नव्हतं. आता रोलमध्ये फक्त त्यांच्या बोटांचे ठसे होते, एकशे एकोणीस.

"हाच," ते म्हणाले. "मीच लावला होता." आणि मग, वर्गात कोणाचं उत्तर चुकल्यावर "बस खाली" ज्या सुरात म्हणत, त्याच सुरात म्हणाले, "बसतो मी खाली."

ओल्गाने टॉवेल काढला. चेपलेले, पोचे पडलेले रोल समोर आले. लोक जवळ आले, बघितलं आणि अदबीने थांबले. हा चिमटा सापडला हे खरं, पण मोजणी व्हार्गो सरांनी केली होती. आणि आज त्यांच्या मोजणीचं काय झालं ते सगळ्यांनी पाहिलं होतं. फिलिस म्हणाली, "माझा दाताचा डॉक्टर सुट्टीवर आहे." गस म्हणाला, आधी जरा थंड होऊ देत.

सरांनी ट्रेकडे पाहिलं नाही. ते टेडीची पँट वर धरून उभे होते आणि ट्रे भरलेला घरी न्यायचा तर गाडीत कुठे ठेवायचा, याचा विचार करत होते.

वेंडी पुढे आली. इथल्या लोकांना काय माहीत होतं ते तिला माहीत नव्हतं. भूक मात्र होती. सकाळपासून तिने काही खाल्लं नव्हतं. तिने सगळ्यांत चेपलेला रोल उचलला आणि निम्मा एका घासात चावला. हॉल ऐकत राहिला. फक्त कुरकुर असा आवाज आला, खुसखुशीत, जसा यायला हवा तसा. तिने उरलेला निम्मा खाल्ला. दुसरा घेतला. मग तिसरा. मग तोंडावरची साखर न पुसताच ती ओल्गाकडे वळली.

"आत्या, हे संपायच्या आत थोडे बाजूला काढता येतील का? घरी न्यायला. आणि ते अक्रोडाचेही. ते तुमचेच ना?"

 ओल्गाने टेबलाखाली हात घातला, पुठ्ठ्याचे घडीचे डबे काढले, त्यातला लहान परत ठेवला आणि सर्वांत मोठा उघडून वेंडीच्या हातात दिला.

"अक्रोडाचे खाली भर," ती म्हणाली. "रोल वर. चेपतील नाहीतर. म्हणजे आणखी." मग तिने खुर्ची उचलली, उलट फिरवली आणि हॉलकडे तोंड करून बसली. "उभ्या काय आहात, मार्सी? वाजवायला सांग त्यांना."

वाद्यं सुरू झाली आणि हात पुढे आले. फिलिसने चार घेतले आणि चरबी नाही हे ओळखलं. पाचवा खात्री करायला घेतला. वीस मिनिटांत ट्रेवर पिठीसाखर उरली, ती ग्रेटाने बोटाने टिपली.

टेडीची पँट राहिलीच होती. ओल्गाने त्याला पुढ्यात उभं केलं, मागून घडी घातली, वेंडीकडून चिमटा मागून घेतला आणि घट्ट बसवला. "डोलोरेसचे चिमटे," ती म्हणाली. "असे आता मिळत नाहीत." वही उघडून तिने व्हार्गोंच्या ओळीपुढे काहीतरी लिहिलं, शाईने.

अजून ऊन होतं तेव्हाच तिघं गाडीत बसली. रिकामा ट्रे ग्रेटाच्या मांडीवर होता. टेडीने मागच्या सीटवर जरा चुळबुळ केली.

"आजोबा, टोचतंय."

सरांनी आरशातून मागे पाहिलं. "छान," ते म्हणाले, "म्हणजे एकशे चव्वेचाळीस," आणि गाडी सुरू केली.